जुना संगणक आणि नव्या यंत्राचे सोंग



यंत्र म्हातारे होते तेव्हा त्याचे सगळे अवयव एकाच वेळी थकत नाहीत, हा अनुभव घरोघरचा आहे. शिवणयंत्राचे ओतीव अंग आजीपासून नातीपर्यंत टिकते. पण त्याचा चामडी पट्टा मात्र दर काही वर्षांनी बदलावा लागतो. घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीवर आज अशीच पाळी आली आहे. १९८० च्या आसपास बाजारात आलेले हे संगणक चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही पुष्कळ ठिकाणी सुरू होतात. त्यांचा मेंदू शाबूत आहे. थकला आहे तो त्यांचा दप्तरदार, म्हणजे फ्लॉपी तबकडी वाचणारा ड्राइव्ह. हा दप्तरदार गेला की शाबूत मेंदूलाही काही आठवत नाही. तेव्हा त्याच्या जागी एखादे आजचे यंत्र बसवता येईल काय, आणि बसवले तर जुन्या संगणकाला ते खरे वाटेल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या संगणकाची ओळख करून घेऊ. 'घरगुती संगणक' म्हणजे टेलिव्हिजनला जोडून वापरायचे, कळफलक अंगातच असलेले एक लहान यंत्र. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७९ साली आपले '४००' आणि '८००' हे संगणक आणले. कमोडोर कंपनीचा '६४' हा १९८२ चा. इंग्लंडात एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' १९८१ साली निघाला. आपल्या देशाशी त्याचा थेट संबंध आहे, कारण १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प हाती घेतला तेव्हा त्यात हाच बीबीसी मायक्रो वापरला गेला. आज पन्नाशीकडे झुकलेल्या आपल्यापैकी काहींनी संगणकाच्या कळीला पहिला हात लावला असेल तो बहुधा त्याच यंत्राच्या.

या यंत्रांची स्मृती विजेवर जगणारी होती. बटण बंद केले की सारे पुसले जाई. म्हणून केलेले काम बाहेर कोठेतरी उतरवून ठेवणे भाग होते. गरीब उपाय म्हणजे गाण्याची कॅसेट. बरा उपाय म्हणजे फ्लॉपी. फ्लॉपी ही लवचिक प्लॅस्टिकची, लोहकणांचा लेप दिलेली तबकडी असते. ड्राइव्ह तिला फिरवतो आणि एक छोटे चुंबकीय शीर्ष तिच्यावर अक्षरे उमटवते किंवा वाचते. येथे फिरणारा भाग आहे, घासणारा भाग आहे, आणि यंत्रशास्त्राचा साधा नियम असा की जे फिरते व घासते तेच आधी जाते. काही ड्राइव्हमधला रबरी पट्टा सैल पडतो, शीर्ष सरकण्याच्या दांड्यांवरचे वंगण वाळते. तबकडीचे दुखणे तर याहून वाईट. तिच्यावरचा लेप ज्या चिकट द्रव्याने बसवलेला असतो ते कालांतराने कुजते. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, आणि कोकणातला एक पावसाळा त्याला पुरेसा होतो. अशी तबकडी ड्राइव्हमध्ये घातली की लेप खरवडला जातो, शीर्ष घाण होते आणि पुढची चांगली तबकडीही बिघडते. नवीन तबकड्या आणाव्यात तर कारखानेच उरलेले नाहीत. सोनीसारख्या मोठ्या उत्पादकानेही २०१० साली फ्लॉपीची विक्री थांबवण्याचे जाहीर केले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ड्राइव्हच्या जागी दुसरे यंत्र बसवायचे तर संगणक आणि ड्राइव्ह यांच्यात काय बोलणे चालते हे आधी नीट ऐकले पाहिजे. आपण अटारीचे उदाहरण घेऊ, कारण तेथले बोलणे फार स्वच्छ आहे.

ते स्वच्छ का आहे, यालाही कारण आहे. त्या काळी टेलिव्हिजनला जोडल्या जाणाऱ्या यंत्रांतून किती रेडिओलहरी बाहेर पडाव्यात यावर अमेरिकेत कडक निर्बंध होते. शेजाऱ्याच्या पडद्यावर मुंग्या येऊ नयेत हा हेतू. अटारीने म्हणून आपला संगणक ॲल्युमिनियमच्या जाड कवचात बंद केला. कवचाला जास्त भोके पाडायची नाहीत, म्हणून बाहेरची सगळी उपकरणे एकाच तेरा टोकांच्या खोबणीतून, एकापुढे एक माळेसारखी जोडायची असे ठरले. या माळेची आखणी करणाऱ्यांत ज्यो डेक्युअर हे अभियंते प्रमुख होते. पुढे आज सर्वत्र दिसणाऱ्या यूएसबी जोडणीच्या कामातही त्यांचा वाटा होता. एकाच तारेवर चार ड्राइव्ह, एक मुद्रणयंत्र आणि आणखी काही उपकरणे बसायची, तर प्रत्येकाला स्वतःचे नाव हवे आणि नाव ऐकून उत्तर देण्याइतकी बुद्धीही हवी. म्हणून अटारीच्या ड्राइव्हमध्ये स्वतःचा छोटा संगणकच घातलेला असतो. दोन शहाण्यांचे संभाषण ठरीव भाषेत चालते. आणि जे ठरीव भाषेत चालते ते तिसऱ्यालाही शिकता येते.

ते संभाषण असे. तबकडीवर ७२० कप्पे असतात, प्रत्येकात १२८ बाइट. बाइट म्हणजे ० ते २५५ यांमधली एक संख्या, एवढेच ध्यानात ठेवावे. संगणकाला पहिल्या ड्राइव्हमधला पहिला कप्पा हवा आहे असे समजू. तो 'आज्ञा' नावाच्या तारेवरचा दाब खाली आणतो. सभेत घंटा वाजवल्यासारखे हे होय. सगळी उपकरणे कान टवकारतात. मग संगणक पाच संख्या उच्चारतो : ४९, ८२, १, ०, १३२. यांतली ४९ म्हणजे पहिल्या ड्राइव्हचे नाव. ८२ म्हणजे 'वाच'. १ आणि ० मिळून कप्प्याचा क्रमांक. शेवटची १३२ ही पहिल्या चारांची बेरीज. ड्राइव्ह स्वतः बेरीज करून पाहतो आणि जुळली तर ६५ ही संख्या परत पाठवतो. तिचा अर्थ 'आज्ञा पोचली'. मग तो कप्पा शोधतो, ६७ पाठवून 'काम झाले' असे कळवतो, आणि पाठोपाठ १२८ बाइट व त्यांची बेरीज धाडतो. संगणक ती बेरीज पडताळतो. संभाषण संपले.

ही शेवटची बेरीज म्हणजे आपल्या शाळेतला ताळाच होय. नवाचा ताळा पाहताना आपण अंकांची बेरीज करतो आणि नऊ-नऊ टाकून देतो. येथे दहाऐवजी २५६ चा पाया असल्यामुळे नवाऐवजी २५५ टाकून देतात. दोनशेवा कप्पा मागितला तर ४९, ८२, २०० आणि ० यांची बेरीज ३३१ होते. तीतून २५५ गेले की ७६ उरतात, आणि तीच पाचवी संख्या. ताळ्याचा जो दोष आपल्याला ठाऊक आहे तोही येथे आहेच : ५४ च्या जागी ४५ लिहिले तर नवाचा ताळा ती चूक पकडत नाही, तसेच दोन बाइटांची अदलाबदल झाली तर हा ताळाही गप्प बसतो. पण तारेतल्या खरखरीने होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

श्रोत्यांनी या संभाषणातली एक गोष्ट हेरली असेल. त्यात तबकडीचा उल्लेख कोठेही नाही. ती गोल आहे, फिरते आहे, तिला लोहाचा लेप आहे, यांपैकी एक अक्षरही संगणक बोलत नाही व ऐकत नाही. तो कप्प्याचा क्रमांक सांगतो आणि १२८ बाइटांची वाट पाहतो. दाराआड कोण उभे आहे हे त्याला दिसत नाही. फक्त आवाज ऐकू येतो. तेव्हा तोच आवाज, त्याच शब्दांत आणि त्याच वेळेत जो काढील, तो त्याच्या दृष्टीने ड्राइव्हच.

आपल्याकडे बहुरूपी येत असे. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राही आणि घरधन्याला क्षणभर घाम फोडी. त्याचे यश केवळ पोषाखात नसे. फौजदार काय बोलेल, केव्हा डोळे वटारील आणि केव्हा गप्प राहील, हे त्याला पाठ असे. आजचे यंत्र जुन्या ड्राइव्हचे सोंग घेते ते याच विद्येवर.

अटारीपुरते हे सोंग पहिल्यांदा नीट वठवून लोकांच्या हाती दिले ते निक केनेडी यांनी, १९९० च्या सुमारास. त्यांच्या जोडणीचे नाव 'एसआयओ-टू-पीसी'. तेरा टोकांपैकी तिला मुख्यतः चारच लागतात : जाणारी माहिती, येणारी माहिती, आज्ञेची तार आणि जमिनीची तार. अडचण होती ती विजेच्या बोलीची. अटारीच्या तारेवर १ म्हणजे ५ व्होल्ट आणि ० म्हणजे शून्य व्होल्ट. पीसीच्या तेव्हाच्या जोडणीत मात्र १ साठी ऋण दाब आणि ० साठी धन दाब असे, आणि तोही दहा-बारा व्होल्टपर्यंत जाणारा. दोघांना थेट जोडले तर अर्थाचा अनर्थ होईल आणि अटारीची चिप जळेलही. म्हणून मध्ये 'मॅक्स २३२' नावाची एक चिप दुभाष्यासारखी बसवतात. बाकीचे काम पीसीतला प्रोग्रॅम करतो. तो आज्ञेच्या तारेवर लक्ष ठेवतो, पाच संख्या ऐकतो, ताळा पाहतो आणि उत्तर देतो.

उत्तर तो आणतो कोठून? तर तबकडीच्या प्रतिमेतून. ७२० कप्पे एकापुढे एक मांडून केलेली ही ९२,१६० बाइटांची फाइल होय. केनेडी यांनी तिच्या आरंभी १६ बाइटांचे एक कपाळ जोडले व त्यावर ओळखीचा टिळा म्हणून ६६२ ही संख्या लिहिली. 'निकअटारी' या शब्दाच्या रोमन अक्षरांचे संगणकी क्रमांक मिळवले की बरोबर ६६२ होतात. आजही जगभर अटारीच्या तबकड्यांच्या प्रतिमा याच 'एटीआर' रूपात ठेवल्या जातात, आणि नखाएवढ्या कार्डावर अशा दहा हजारांहून अधिक तबकड्या सहज मावतात.

पुढे या मार्गावर पुष्कळ भर पडली. पीसीवरची जुनी जोडणी गेली, यूएसबी आली, आणि तिने एक नवी अडचण आणली. यूएसबी वेगवान आहे, पण ती टपालासारखी पिशवी भरून पाठवते. अटारी तर आज्ञा दिल्यावर काही हजारांश सेकंदांतच 'पोचली' हा शब्द ऐकू इच्छितो. उशीर झाला की तो ड्राइव्ह मेला असे समजतो. बहुरूप्याने शब्द बरोबर उच्चारूनही वेळ चुकवली तर सोंग उघडे पडते, तसे हे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही वेळ सांभाळण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागली. वेगाचा लाभही झाला. मूळ तार सेकंदाला १९,२०० स्पंदने वाहते. एका बाइटाला दहा स्पंदने लागतात, म्हणजे सेकंदाला १,९२० बाइट, आणि पूर्ण तबकडीला किमान ४८ सेकंद. सोंग घेणाऱ्या यंत्राला तबकडी फिरण्याची वाट पाहायची नसते. त्यामुळे अटारीची स्वतःची चिप जेवढे झेपवील तेवढे, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख स्पंदनांपर्यंत, त्याला धावता येते. अलीकडच्या 'फुजीनेट' या उपकरणात तर पीसीही लागत नाही. एक लहान चिप खोबणीत बसते, बिनतारी मार्गाने इंटरनेटला जोडली जाते, आणि १९७९ च्या संगणकाला दूर देशातली तबकडी आपल्याच टेबलावर असल्यासारखी वाचून दाखवते.

येथे एक शंका संभवते : इतके सोपे असेल तर सगळ्याच जुन्या तबकड्यांच्या प्रतिमा काढून प्रश्न मिटवला का जात नाही? याचे उत्तर असे की काही प्रोग्रॅम दाराआडचा आवाज ऐकून समाधान मानत नसत. ते दार किलकिले करून पाहत. चोरून नक्कल होऊ नये म्हणून विक्रेते तबकडीवर मुद्दाम बिघडवलेला कप्पा ठेवत, किंवा एकाच क्रमांकाचे दोन कप्पे एका वर्तुळावर कोरत. कोणता हाती लागेल हे तबकडी त्या क्षणी कोठवर फिरली आहे यावर अवलंबून असे. साध्या प्रतिमेत एका क्रमांकाला एकच कप्पा. तेव्हा तिच्यावरून असा प्रोग्रॅम चालत नाही. त्यासाठी फिरण्याच्या वेळेचीही नोंद ठेवणारी 'एटीएक्स' ही वेगळी प्रतिमा करावी लागली.

कमोडोरची कथा याहून अवघड. त्याच्या १५४१ या ड्राइव्हमध्ये स्वतःचा प्रोसेसर आणि २ किलोबाइट स्मृती होती, आणि संगणक त्या स्मृतीत आपला प्रोग्रॅम पाठवून ड्राइव्हकडूनच तो चालवून घेऊ शके. ड्राइव्हचे मूळ बोलणे फार संथ असल्यामुळे पुष्कळ खेळ आरंभीच त्याला नवी, वेगवान भाषा शिकवत आणि मग तिच्यातच बोलत. अशा ठिकाणी ठरीव प्रश्नांची उत्तरे पाठ करून भागत नाही. ज्याला वाटेल ते नवे शिकवता येते असा शिष्यच उभा करावा लागतो. 'पाय-१५४१' सारखे प्रोग्रॅम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर त्या जुन्या प्रोसेसरची प्रत्येक पायरी जशीच्या तशी, त्याच ठेक्यावर चालवून दाखवतात. वरवरचे सोंग आणि पूर्ण परकायाप्रवेश यांतला भेद येथे दिसतो.

आणि या सगळ्याच्या आधीची एक अट विसरून चालणार नाही. नवे यंत्र जी प्रतिमा वाचून दाखवते ती कोणीतरी कधीतरी खऱ्या तबकडीवरून काढलेली असली पाहिजे. बहुरूप्याला पाठ करायला मूळ संहिताच नसेल तर तो बोलणार काय? म्हणून हे काम वेळेचे आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या १९८९ च्या प्रसिद्ध खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांची अ‍ॅपल संगणकावरची मूळ संहिता कित्येक वर्षे हरवली होती. २०१२ साली त्या तबकड्या घरच्या जुन्या सामानात त्यांच्या वडिलांना सापडल्या, आणि जाणकारांनी जुनी व नवी यंत्रे एकत्र आणून त्या वाचल्या. तबकड्या वाचल्या गेल्या हे भाग्य. आणखी काही वर्षे गेली असती तर ते टिकले असते असे कोण सांगेल?

याहून बोलके उदाहरण इंग्लंडचे आहे. विल्यम राजाने १०८६ साली करवलेल्या 'डूम्सडे बुक' या जमिनींच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने देशाची तशीच नवी नोंद केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला, आणि बीबीसी मायक्रोच्याच घराण्यातल्या संगणकावर चालणाऱ्या लेसर तबकड्यांवर ती उतरवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे इतकी दुर्मिळ झाली की २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या 'कॅमिलिऑन' प्रकल्पाला आजच्या संगणकाकडून त्या जुन्या यंत्राचे सोंग वठवून घ्यावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीची वही मात्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डोळ्यांनी वाचता येत होती.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल शाबूत आहेत. कागद टिकला, शाई टिकली. पण मोडी वाचणारे कमी झाले, आणि लक्षावधी कागद मुके होऊन बसले. फ्लॉपीच्या बाबतीत संकट दुहेरी आहे : येथे वाचणारा तर जातोच, पण कागदही कुजतो. मोडीचा अभ्यासक पन्नास वर्षांनी जन्मला तरी रुमाल त्याची वाट पाहील. तबकडी तशी थांबणार नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ प्रोग्रॅमची प्रत रीतसर आहे त्याला नाशापासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. अमेरिकेत २००३ साली कालबाह्य माध्यमावरील प्रोग्रॅम जतन करण्यासाठी त्यांचे कुलूप काढण्याची मर्यादित सवलत देण्यात आली. तरीही जगभर फिरणाऱ्या प्रतिमांपैकी पुष्कळांचे हक्क कोणाचे तरी आहेत, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतरही अनेक दशके चालणाऱ्या हक्काची मुदत संपेपर्यंत तबकडी टिकणे शक्य नाही. हक्क राखायचा की वस्तू, असा पेच येथे आहे. आमच्या मते वस्तू आधी वाचवावी. वस्तूच नष्ट झाली तर हक्क कशावर राहणार?

कोणी म्हणेल, जुने खेळ आणि जुने हिशोब वाचवून समाजाचे काय कल्याण होणार? खेळांचे सोडा. त्या तबकड्यांवर शिक्षकांनी लिहिलेले धडे आहेत, छोट्या कारखान्यांचे जमाखर्च आहेत, कोणाच्या तरी प्रबंधाचा पहिला खर्डा आहे, गेलेल्या माणसांची पत्रे आहेत. सामान्य माणसाने संगणकावर पहिल्यांदा काय लिहिले, याचा पुरावा दुसरीकडे कोठेही नाही. बखरींतून राजे कळतात. बाजारभाव कळायचे तर वाण्याची चोपडीच उघडावी लागते.

म्हणून जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी. घरी जुन्या फ्लॉपी असतील तर रद्दीत घालू नका. त्या कोरड्या जागी, चुंबकापासून दूर ठेवा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालून पाहण्याचा मोह आवरा. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्या. वाचण्यापूर्वी सव्वापाच इंची तबकडीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. 'ग्रीझवीझल'सारखी स्वस्त उपकरणे आता मिळतात. ती पीसीच्या साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडून तबकडीवरच्या चुंबकीय बदलांचीच नोंद घेतात, त्यामुळे तबकडी कोणत्या संगणकाची होती हे नंतरही ठरवता येते. प्रतिमा निघाली की तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि तबकडीच्या कागदी पाकिटावर हाताने लिहिलेली अक्षरेही टिपून ठेवा. कारण आत काय आहे हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच कळते.

एकदा प्रतिमा हाती आली की पुढचे सोंग घ्यायला यंत्रे तयारच आहेत. आज त्यासाठी पीसी आहे, उद्या दुसरे काही येईल. पाच संख्यांचे ते बोलणे शिकले की कोणालाही जुन्या संगणकाला उत्तर देता येते. मात्र तबकडी वाचण्याचे काम आपल्यापैकी ज्यांच्या कपाटात ती पडली आहे त्यांनाच आरंभले पाहिजे, आणि ते येत्या पावसाळ्यापूर्वी आरंभावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.